दोन फोटो शेजारी ठेवण्याआधी

परळ, मुंबई

चि. बाळ्यास,


तू पाठवलेले दोन शरीरसौष्ठवपटूंचे फोटो पाहिले. डावीकडे १९४७ चा स्टीव्ह रीव्हज, उजवीकडे २००३ चा रॉनी कोलमन आणि खाली तुझा प्रश्न, "मामा, दोघं एका स्टेजवर आले तर कोण जिंकेल?" त्याच्याही खाली एक ओळ होती, जिममधल्या दादाने सुचवलेल्या स्टेरॉइडच्या 'सायकल'बद्दलची. तिच्याकडे शेवटी येतो. मोबाइलवर दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आमच्या व्यायामशाळेत एका भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा होता आणि आढ्याला लांब वायरीवर लोंबणारा साठ वॅटचा एकच बल्ब. रात्री साडेनऊनंतर, बाकीची पोरं घरी गेली की पोझिंगचा सराव चालायचा. वस्ताद तो बल्ब स्वतः फडक्याने धरायचे. डोक्याच्या वर, जरासा पुढे धरला की माझ्या पोटावर कप्पे उठायचे, छातीखाली काळीभोर रेघ पडायची. तोच बल्ब खाली आणून छातीसमोर धरला की पोट पाटीसारखं सपाट. बाजूला नेला की दंड मोठा, पण खांदा गायब. पाच मिनिटांत तीन शरीरं दिसायची, आणि तिन्ही माझीच. वस्ताद तेव्हा बोलायचे फार कमी, पण बल्ब फिरवून त्यांनी जे शिकवलं ते पुढे पन्नास वर्षं मला पुरलं. म्हणून फोटो पाहिला की मी आधी उजेड कुठून आलाय ते बघतो. तुझ्या त्या दोन फोटोंतला रीव्हज मऊ उजेडात उभा आहे. रॉनीवर वरून प्रखर दिवे आहेत, अंगाला गडद तपकिरी रंग आहे, वर तेल आहे आणि स्टेजमागे रबर ओढून स्नायूंत रक्त भरून तो आला आहे. यातलं निम्मं शरीराचं आहे, निम्मं मांडणीचं.

मांडणीची गोष्ट निघाली म्हणून थेट मुळाकडे जातो. युजेन सँडो, जन्म १८६७, प्रशियातल्या क्योनिग्जबर्गचा. तो फोटोसाठी उभा राहताना अंगाला पांढरी पावडर फासायचा. तुम्ही रंग लावून काळे होता, तो पांढरा व्हायचा. का, ते बल्बखाली उभ्या राहिलेल्या पोराला लगेच कळेल. पांढऱ्या अंगावर बारीक रेषा दिसत नाहीत, दिसतो तो आकार. खांद्याची गोलाई, छातीची कमान, मांडीची वळणं. त्याला संगमरवरी ग्रीक पुतळ्यासारखं दिसायचं होतं, आणि लोकांनाही तेच बघायचं होतं. गडद रंगावर कडक उजेड पडला की उलटं होतं, आकारापेक्षा कातडीखालचा प्रत्येक धागा डोळ्यांत भरतो. पावडरीपासून रंगापर्यंतचा हा प्रवास नीट समजून घेतलास, तर शंभर वर्षांत पंचांची नजर कुठून कुठे गेली ते अर्धं तरी कळेल.

१४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने मोठी स्पर्धा भरवली. पंच दोन, चार्ल्स लॉज नावाचे शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल. अंतिम निर्णयाला सँडो स्वतः होता. गुण कशाला द्यायचे हे आधी छापून जाहीर केलेलं होतं. एकंदर वाढ, त्या वाढीचा समतोल, स्नायूंचा पोत, तब्येत आणि त्वचा. दंडाचं माप त्यात कुठेही नव्हतं. पहिला आला नॉटिंगहॅमकडचा विल्यम मरे आणि त्याला सँडोचाच छोटा सोनेरी पुतळा मिळाला. त्याच पुतळ्याची प्रतिकृती आज मिस्टर ऑलिम्पियाला देतात. ती हातात घेणाऱ्या विजेत्याचं शरीर आणि हातातल्या पुतळ्याचं शरीर कधी एकत्र बघ. सँडोला आजच्या स्टेजवर कुणी पहिल्या रांगेतही उभं करणार नाही.

सँडोचं वेड आपल्याकडेही होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवून सुमारे दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी नमस्कार लावले. हा राजा स्वतः चित्रकार होता, शरीराकडे चित्रकाराच्या डोळ्याने बघणारा. पिळदार दिसण्यापासून निरोगी राहण्यापर्यंत एकाच माणसाचं मत कसं सरकलं, ते बघण्यासारखं आहे. तुझ्या आजोबांचे नमस्कार त्याच काळातून आलेत.

आता रीव्हज. उंची सहा फूट एक इंच, वजन साधारण ९७ किलो. दंड, पोटरी आणि मान, तिन्हींचं माप साडेअठरा इंच. हे आपोआप जमलेलं नाही. मान दंडाच्या पुढे जाऊ नये, पोटरी मागे राहू नये म्हणून तो माणूस टेप घेऊन स्वतःला घडवत होता. आठवड्यातून तीन दिवस सगळ्या अंगाचा व्यायाम, मधले दिवस विश्रांती. १९४७ ला मिस्टर अमेरिका, १९५० ला लंडनमध्ये मिस्टर युनिव्हर्स, आणि १९५८ च्या 'हर्क्युलीस' या इटालियन चित्रपटामुळे जगभर नाव. त्याचा कापलेला फोटो आमच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी चिकटवलेला होता. त्या फोटोत मला सगळ्यांत काय आवडायचं सांगू? कंबर. खांद्यावरून नजर खाली घसरते ती कंबरेशी बारीक होते आणि मांडीवर पुन्हा रुंदावते. नजर कुठेही अडखळत नाही.

इथे एक आकडा लक्षात ठेव. वजन किलोत घे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भाग. रीव्हज येतो २८ च्या आसपास. अर्नोल्ड, सहा फूट दोन इंच आणि स्पर्धेला साधारण १०७ किलो, येतो ३० ला. २००३ चा रॉनी, पाच फूट अकरा इंच आणि १३० किलो, येतो ४० ला! रीव्हजपेक्षा दोन इंच बुटका आणि तेहेतीस किलो जड, आणि अंगावर चरबी जवळपास नाहीच. १९९५ साली हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे खेळाडू मोजले. चरबी वजा करून हाच भागाकार केला, तर न घेणाऱ्यांत तो साधारण २५ ला थांबतो असं त्यांना दिसलं. रीव्हज त्या रेषेच्या आसपास येतो, रॉनी तिच्या कितीतरी पलीकडे आहे. डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या १९५८ ला, म्हणजे रीव्हजच्या स्पर्धा संपल्यावर. प्रयोगशाळेत बनवलेलं ग्रोथ हार्मोन १९८५ ला आलं. तुझ्या दोन फोटोंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत हे सगळं बसलेलं आहे. एकाची मेहनत जास्त आणि दुसऱ्याची कमी, असं त्या फोटोंवरून म्हणता येत नाही. रॉनीने ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोच्या वर वजन खांद्यावर घेऊन दोन बैठका मारल्या आहेत. मेहनतीत त्याला कुणी कमी लेखू नये.

रीव्हजच्याच काळातला आपला एक माणूस तुमच्या मोबाइलवर फारसा दिसत नाही. मनोहर आइच. उंची चार फूट अकरा इंच. इंग्रजांच्या तुरुंगात असताना साधनं नसताना व्यायाम करत राहिले आणि १९५२ ला लंडनमध्ये आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. आदल्याच वर्षी मनोतोष रॉय यांनी आपल्या गटात तो मान मिळवला होता. आइच २०१६ साली गेले, वयाची शंभरी ओलांडून. नव्वदीतही ते पोझ द्यायचे. चॅम्पियन शरीरांची तुलना करताना स्पर्धेच्या दिवसाचाच फोटो का घ्यायचा, असं मला त्यांच्यामुळे वाटायला लागलं. साठाव्या वर्षाचा घ्या, ऐंशीव्या वर्षाचा घ्या. त्या स्पर्धेत पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला पंच लागणार नाहीत.

अर्नोल्डचं तुला सगळं पाठ आहे, ते परत सांगत नाही. पण १९६८ ची मायामीची हार तू वाचली आहेस का? युरोपात सगळं जिंकून तो अमेरिकेत आला आणि पहिल्याच स्पर्धेत फ्रँक झेनकडून हरला. झेन शाळेत गणित शिकवणारा, अर्नोल्डहून पाच इंचांनी बुटका आणि वजनाने कितीतरी हलका. पंचांनी मोठ्याला दुसरा केलं, कारण मोठा अजून घडलेला नव्हता. पोटऱ्या कमी होत्या, रेषा उठलेल्या नव्हत्या. अर्नोल्डने त्यातून काय घेतलं, तर व्यायामाच्या पँटी गुडघ्याखाली कापून टाकल्या. जी पोटरी लपवत होता तीच सगळ्यांना रोज दिसू दे म्हणून. मला त्याच्या सातही ऑलिम्पियांपेक्षा ही कात्री जास्त प्रिय आहे. गोळ्या त्यानेही घेतल्या होत्या, ते त्याने स्वतः उघड सांगितलं आहे, आणि ते लपवून मी तुला त्याची गोष्ट सांगणार नाही.

झेन पुढे १९७७, ७८ आणि ७९ असा सलग तीनदा ऑलिम्पिया झाला, जेमतेम ८४ किलोवर. दोन्ही हात डोक्यामागे, श्वास पूर्ण सोडलेला आणि पोट आत ओढून बरगड्यांखाली खोल खळगा, ती त्याची पोझ शोधून बघ. आपल्याकडे योगात उड्डियान म्हणतात तेच हे. आजच्या मोठ्या गटातल्या किती जणांना ते करता येतं? पोट आत घ्यायला आधी ते आत जाण्याजोगं लागतं. १९९० नंतर ग्रोथ हार्मोन आणि इन्सुलिन या खेळात शिरलं आणि स्टेजवरची पोटं पुढे येऊ लागली, असं त्यातले जाणकार मानतात. २०१५ ला स्वतः अर्नोल्डने आपल्याच नावाच्या स्पर्धेच्या वेळी या पोटांबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

मधली आठ वर्षं ली हेनीची. त्याच्याबद्दल एवढंच म्हणतो की आकारही मोठा आणि कंबरही जागेवर, हे दोन्ही सांभाळणारा तो बहुधा शेवटचा. मग आला डोरियन येट्स, बर्मिंगहॅमच्या एका तळघरातल्या जिमचा. १९९३ च्या स्पर्धेआधी काढलेले त्याचे काही कृष्णधवल फोटो छापून आले. रंग नाही, तेल नाही, दिव्यांचा थाट नाही. पाठ बघून या खेळातली माणसं हबकली. ते फोटो मी आजही काढून बघतो. पाठीचा जाडपणा खालपर्यंत उतरलेला, दगडावर छिन्नी चालवल्यासारखा. सुंदर म्हणवत नाही, पण नजर हटत नाही. त्यानंतर पंचांना तो जाडपणाच हवासा झाला आणि पुढच्या सगळ्यांना तो आणावा लागला. येट्सचा दंड फाटला, पुढे दंडामागचा ट्रायसेप्स फाटला, आणि १९९७ ला सहावा किताब घेऊन तो थांबला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही.

मी एका जिल्हा स्पर्धेत पंच होतो. शेवटच्या कंपॅरिझनला दोघे उरले. एक गिरणी कामगाराचा मुलगा, साठ-बासष्ट किलोचा, डोक्यापासून पावलापर्यंत एकसारखा घडलेला. पोझ बदलताना हात हवेतून असा फिरायचा की पुढची पोझ सुरू कुठे झाली ते कळायचं नाही. दुसरा त्याच्याहून बराच मोठा, छाती-दंड प्रचंड, पाय मागे राहिलेले, आणि पाठीवर लाल पुळ्यांचं जाळं. त्या पुळ्या कशाच्या ते आम्हा पाचही पंचांना माहीत होतं. मैदानात लोक मोठ्याच्या नावाने ओरडत होते. मी कागदावर मोठ्याला पहिला लिहिला. माझं चुकलं. तो निकाल एका मताने लागला, आणि ते मत माझं होतं. धाकटा पुढच्या वर्षी परत आला तेव्हा चौदा किलो वाढला होता आणि त्याच्याही पाठीवर पुळ्या होत्या. त्या रात्रीनंतर मी पंचाची खुर्ची सोडली.

पंच यंदा जे मागतात, ते शरीर पुढच्या वर्षी स्टेजवर येतं. काळाकाळातल्या फरकाचं याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही. सँडोच्या पंचांनी समतोल मागितला, तो मिळाला. रीव्हजच्या वेळी प्रमाण मागितलं. येट्सनंतर वजन आणि कोरडेपणा मागितला, तोही मिळाला. आणि २०१६ ला ऑलिम्पियात उंचीनुसार वजनाची मर्यादा घालून क्लासिक गट सुरू केला, तेव्हा बारीक कंबरही परत आली. तुमचा लाडका ख्रिस बमस्टेड त्यातून आला, २०१९ ते २०२४ सलग सहा किताब. म्हणजे ते शरीर हरवलेलं नव्हतं, फक्त कुणी मागत नव्हतं. पण बमस्टेडचा फोटो भिंतीवर लावताना एवढंही लक्षात ठेव की त्याला मूत्रपिंडाचा आजार आहे आणि तो त्याने स्वतः जगाला सांगितला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजच्या ऑलिम्पियाच्या स्टेजवर, आजच्या पंचांपुढे रॉनी जिंकेल आणि पहिल्याच पोझला जिंकेल. पाठमोरा उभा राहून त्याने दोन्ही दंड वर उचलले की त्याला आजवर तोड नाही, हे मी मनापासून मान्य करतो. १९५० च्या लंडनमध्ये रीव्हज जिंकेल आणि रॉनीकडे लोक चमत्कार म्हणून बघतील, बक्षीस देणार नाहीत. आणि माझ्या हातात कागद दिलास, तर मी १९७९ च्या झेनला पहिला लिहीन, रीव्हजला दुसरा. या वेळी मैदानात कोण कुणाच्या नावाने ओरडतंय ते मी ऐकणार नाही.

ती दुसरी ओळ. तू लिहितोस की दादा म्हणतो, "एक सायकल मार, आठ आठवड्यांत शर्ट फाटेल, मग सोडून दे." बाळ्या, तू एकोणीस वर्षांचा आहेस. तुझ्या अंगात आत्ता जे नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन आहे ते आयुष्यात पुन्हा इतकं नसणार. बाहेरून टोचलंस की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, आणि सोडल्यावर ते परत कधी आणि किती सुरू होईल याची हमी कोणताही दादा देऊ शकत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, आणि आरशात यातलं काहीच दिसत नाही. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर, कागदासारख्या पातळ कातडीसाठी जगभर नावाजलेला, १९९६ ला एकतिसाव्या वर्षी गेला. रॉनीच्या पाठीवर आणि खुब्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की आज तो आधाराशिवाय चालू शकत नाही. त्याला त्याचा पश्चात्ताप नाही, असं तो सांगतो. तो आठ वेळा जगज्जेता झाला, त्याने किंमत मोजून काहीतरी घेतलं. तुला कॉलेजच्या गॅदरिंगला शर्ट फाडायचा आहे.

तुझे पाय मागे आहेत, ते मला गणपतीत दिसले. आठवड्यातून दोनदा बैठका लाव, पोटरीला वेगळा वेळ दे, सकाळी बारा नमस्कार घाल. भिजवलेले चणे, अंडी, दूध आणि आठ तास झोप हा खुराक वर्षभर नीट पाळ आणि मग मला वर्षाने फोटो पाठव, खिडकीच्या साध्या उजेडात काढलेला. आणि दादाने औषधाची बाटली पुढे केली, तर हात लावण्याआधी मला फोन कर. रात्रीचे कितीही वाजले असोत, मी उचलीन.

तुझा,
मामा